निरोपांवरच्या सह्या

कमलिनीकाकूंनी पडताळणी केंद्राच्या काउंटरवर फोन ठेवला. "आमच्या सौमित्रचे निरोप आहेत, मंगळावरून येणारे. त्यांवरच्या सह्या तेवढ्या वेगळ्या काढून दे गं."

कुणाचाही हुबेहूब आवाज बनवता येऊ लागल्यापासून प्रत्येक निरोपावर तो बनवणाऱ्याची सही आपोआप उमटत असे. काउंटरमागच्या केतकीने पहिली फाईल उघडली आणि ती थबकली. आवाज सौमित्रचा होता, सही मात्र त्याच्या वडिलांची. आता काकूंना सांगायचं तरी कसं?

"काकू, ही सही..."

"ह्यांची आहे. पहिल्या दिवसापासून दिसतेय मला," काकू शांतपणे म्हणाल्या. "सौमित्रला कुठली सवड! मी वाट बघत बसते म्हणून हेच त्याच्या आवाजात निरोप बनवतात. मोतीबिंदूमुळे ह्यांना स्वतःचं नाव स्क्रीनवर दिसत नव्हतं. उद्या डोळ्याची पट्टी सुटतेय. माझ्या फोनवर स्वतःचं नाव दिसून मला सगळं ठाऊक आहे हे कळलं, तर निरोप बंद करतील."

केतकीने सगळ्या सह्या फायलींपासून सोडवल्या. "पुसून टाकू?"

"पुसतेस कसल्या! मला दे त्या. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एक चिठ्ठी लिहिली नव्हती."