मातृदिनाचं फूल

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या त्या खेड्यात छत्तीस वर्षं पोरं शिकवून थोराबाई शुक्रवारी निवृत्त झाल्या. दरवर्षी शाळा कमिटीचा ऑरविल हॉगन त्यांच्याकडून लिहून घ्यायचा, की लग्न करणार नाही, परक्या पुरुषाच्या गाडीत बसणार नाही. सही नाही, तर नोकरी नाही. मास्तरणींच्या शीलाची राखण करायचा त्या माणसाला भारी सोस. रविवारी तोच चर्चमध्ये पहिल्या बाकावर डोळे मिटून बसायचा, आणि थोराबाई इमानाने ऑर्गन वाजवायच्या.

या रविवारी मातृदिन होता. "सगळ्या आयांनी उभं राहावं," पाद्री म्हणाले. ऑरविलची बायको एडना फुलांची टोपली घेऊन निघाली.

थोराबाई ऑर्गन सोडून उभ्या राहिल्या.

"अहो बाई, बसा खाली!" एडना फिदीफिदी हसली. "हे फूल पोरं शिकवल्याचं नाही, पोर जन्माला घातल्याचं आहे."



"म्हणूनच उभी आहे, एडना. आमचं पोर कुठल्या अनाथाश्रमात नेऊन टाकलं, ते तुझ्या नवऱ्याला आज तरी सांगायला लाव."