वाकायचं नाही

"ऊठ गं, वन्सं आल्यात. पाया पड," जानकाबाई सुनेला म्हणाली.

वृषाली खाटेवर उताणी पडली होती. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, वर चिकटपट्टी. कालच पुण्याहून ऑपरेशन करून आणलेली. बुबुळाचा आतला पडदा एकाएकी फाटला, पाणी शिरून बुबुळ फुगलं आणि पांढरंफटक झालं. डॉक्टरांनी टाके घातले, आत गॅसचा बुडबुडा सोडला. तो वर राहून फाटलेली जागा दाबून धरणार. म्हणून उताणंच पडायचं, वाकायचं तर अजिबात नाही. बुडबुडा सरकला तर डोळा गेलाच म्हणून समजा. नवरा संपत हे सगळं शेजारी बसून ऐकून आला होता. आता तो दारात बसून मोबाइलवर गेम खेळत होता.

सकाळपासून निम्मं निमगाव येऊन गेलं. आजारी माणसाला बघायचं म्हणजे खरंच बघायचं! येईल त्याला जानकाबाई वाटी उचलून डोळा दाखवायची. "अगं बाई, फूल पडलं की!" म्हणायचं, चहा ढोसायचा, चालू लागायचं. शिसारी यावी असली माया.

"आई, डॉक्टर वाकू नको म्हणालेत."

"एवढंसं वाकून काय डोळा गळून पडतोय व्हय? थोरली नणंद हाय माझी. लई मानाची."

खाटेशी उभ्या नणंदेनं, बयाबाईनं, तोंड वाकडं केलं. "ऱ्हाऊ द्या, वहिनी. आताच्या पोरींना कंबरच न्हाई."

"अहो, तुम्ही तरी सांगा की," वृषाली नवऱ्याला म्हणाली.

"पड की पटकन," संपतनं मानसुद्धा वर केली नाही. "कशाला वाढवतीस?"

थू असल्या नवऱ्यावर!

वृषालीनं पडल्या पडल्याच हात लांब केला.

"मला वाकता येत नाही, आत्या. तुम्हीच पाय इथं वर ठेवा, उशीपाशी. पडते पाया."

आता तरी म्हातारी ओशाळेल, असं तिला वाटलं.

बयाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि शेणामातीनं भरलेला पाय उचलला. तिचा तोल जायला लागला, तसा संपत दारातून उठला आणि त्यानं आत्याला हाताचा आधार दिला.