घंटेकडे पाठ

घंटा ऐकू आली तसं अगोसूनं हातातली चटई टाकली आणि रस्त्याकडे पाठ केली. बाजारातले सगळेच पुरुष वळले. अबोमेच्या राजाच्या लढवय्या बायका रस्त्यानं निघाल्या की पुढे घंटेवाली चालायची, आणि पुरुषानं मान वळवायची. चोरून पाहिलं तर मान जागेवर राहायची नाही.

बायकांना ती बंदी नव्हती. शेजारी मक्याचे उंडे विकणारी सिका कमरेवर हात ठेवून खुशाल बघत होती.

"काय बाबा, आज तरी लेक ओळखाल का? का पाठीला डोळे फुटलेत?"

"पावलावरून ओळखीन. बापाचा कान आहे हा."

कसं ओळखणार, ते मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं. हुएफाचा डावा पाय लहानपणापासून अधू. तरी पठ्ठी काटेरी कुंपणावर साऱ्या पोरींच्या आधी चढली, म्हणून राजाच्या माणसांनी तिला फौजेत नेलं. 'लंगडी कसली लढतेय!' असं कुणी म्हटलेलं त्याला सोसलं नसतं.

आजवर ते पाऊल कधी सापडलं नव्हतं. असेल दुसऱ्या तुकडीत, अशी तो मनाची समजूत घालायचा. आज मात्र ती समजूत पुरणार नव्हती. अख्खी फौज लढाईवरून याच रस्त्यानं परतत होती, आणि कितीतरी जणी तिकडेच पडल्या म्हणे.

घंटा जवळ आली. नेहमीसारखीच नेमकी त्याच्या पाठीशी रेंगाळली.

"सरक की बाई पुढं!" तो पुटपुटला. "हिचा खणखणाट थांबल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही."

एकदाची घंटा पुढे गेली. मागून पावलं आली. अगोसूनं डोळे मिटून घेतले. धप, धप, धप. सगळी सारखी. रांग संपली तरी तो तसाच उभा होता.

मग मटकन खाली बसला. "गेली गं माझी पोर! आजच डोकं भादरून घेतो."

"असं अभद्र बोलू नका हो," सिकाचा आवाज मऊ झाला. "एखादं पाऊल निसटलं असेल. त्या घंटेनं कान किटतात. पण त्या घंटेवालीला तरी काय बोलायचं? दर वेळी इथं, तुमच्या पाठीशी आली की घटकाभर उभी राहते. लंगडी आहे बिचारी, दम खात असेल."