रंजिताची स्टेपनी

रंजिताने मागच्या चाकातली हवा मुद्दाम सोडली तेव्हा तांड्यातल्या बायका अंगणात येऊन उभ्या होत्या. टायर फुसफुसत खाली बसला आणि तुरीची पोती भरलेला ट्रक एका अंगाला कलला.

ट्रक तसा छोटाच, बॅटरीवर चालणारा. कंपनीने त्याला स्टेपनी दिलीच नव्हती. जिथे ती टांगायची, तिथे बॅटरीची पेटी बसवलेली. पंक्चरसाठी टायरात भरायच्या फेसाची एक बाटली दिली होती, पण मागच्या बाजाराला ती काही कामाची ठरली नाही. वाटेत पडलेल्या पत्र्याने टायरची बाजूच चिरली होती. बायका वांगी-मेथीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन दारव्ह्याच्या बाजारापर्यंत चालत गेल्या. पोचेस्तोवर मेथीने मान टाकली होती. उद्या पुन्हा बाजार. म्हाताऱ्या गंगीने शेजारच्या गावातल्या धावजीला त्याचा डिझेलचा टेम्पो घेऊन यायला सांगून ठेवलं होतं. त्याआधी एकदा माझं सामान बघून घ्या, एवढंच रंजिताने तिला विनवलं होतं.

सामान तिने हिंडून जमवलं होतं. लोहारा गावच्या भंगारातून चाकाची डिस्क आणली. तिची नटांची भोकं जुळली, पण मधलं भोक लहान निघालं, ते लेथवर मोठं करून घेतलं. त्यावर टायर चढवला. ते चाक टांगायला केबिनच्या मागे लोखंडी चौकट जोडून घेतली. जॅक एका जुन्या जीपचा. पान्याला जोर यावा म्हणून त्याच्या दांड्यावर घालायला पाइपाचा तुकडा. हे सगळं ठेवायला सासूने, मानीबाईने, ताडपत्रीची पिशवी शिवली होती. नुसती ताडपत्री तिला बघवेना, म्हणून कडेने लाल-पिवळ्या कापडाची नक्षी आणि चार आरसेही लावले होते.

रंजिता जॅक घेऊन चाकापाशी बसली. तो आत जाईना. आडवा करून पाहिला, तरी जाईना. कालच तर सहज बसला होता, पण तेव्हा चाकात हवा होती. आता भरल्या पोत्यांनिशी ट्रक इतका खाली आला होता की खाली हात घालायलाही जागा नव्हती.

गंगीने कमरेची चंची काढली, पान लावलं, आणि धावजीला सकाळी लवकरच बोलवावं लागेल असं शेजारणीला हळूच सांगितलं. ते रंजिताला ऐकू गेलं.

एवढ्यात सासरा, भावसिंग, घरातून कुदळ घेऊन आला. चाकापाशी माती उकरायची, खड्ड्यात जॅक बसवायचा, असा त्याचा विचार. त्याने पहिला घाव घातला.

"बापू, खड्डा नका करू," रंजिता म्हणाली. "अथी मातीत होईन. रोडवर डांबर हाये, तथी कसा खणान?"

भावसिंगची कुदळ तशीच वर राहिली. लग्न होऊन आल्यापासून सून त्याच्याशी थेट बोलली नव्हती. जे सांगायचं ते मानीबाईला सांगायची आणि त्याने ऐकायचं, अशीच रीत होती. मानीबाई खाली बघू लागली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

भावसिंगने कुदळ खाली ठेवली.

"मंग काय करतं?" त्याने विचारलं, तिच्याचकडे बघून.

"जमीन खाली जात नाही, तं चाक वर चढवू."

त्याने वाकून चाकाची उंची वितीने मोजली. मग घरामागे गेला आणि मोडक्या बैलबंडीच्या बाभळीच्या फळ्या ओढून घेऊन आला. लांब फळीवर आखूड फळी ठोकून त्याने पायरी केली, पुढची कड तासून उतरती केली आणि चाकाला भिडवून ठेवली. रंजिता ट्रकात बसली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायला तिला सुचलं नाही. भावसिंग मागे उभा राहून हाताने खुणा करत होता. ट्रक बारीक गुणगुणला, बसलेलं चाक कुरकुरत फळीवर चढलं, आणि भावसिंगने तळहात उभा केला.

जॅक आत गेला.

बॅटरीची पेटी सोडून, चासीच्या लोखंडाखाली तिने तो नीट बसवला. बाकी चाकांना दगड लावले. पाइपावर उभं राहून सगळ्या अंगाचा भार दिला तेव्हा पहिला नट करकरला, मग बाकीचे सुटले. जॅक फिरवू लागली तसा ट्रक पोत्यांसकट वर येत गेला. हवा गेलेलं ते चाक तिने काढून भिंतीकडे लोटलं. लोहाऱ्याचं चाक मांडीच्या टेकूने चढवलं. मदतीला कोणी पुढे आलं की ती मानेनेच नको म्हणायची. रस्त्यात एकटीलाच करावं लागणार होतं. नट आवळले, फळी काढली, जॅक उतरवला. ट्रक सरळ उभा राहिला.

गंगी पुढे आली. तिने नव्या चाकाला पायाने ढोसून पाहिलं. मग ट्रकाच्या हौद्याची कड दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. ट्रक हलला, चाक हललं नाही. तिने रंजिताच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि धावजीला फोन लावून, उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

बाभळीची पायरी काही पिशवीत मावेना. मानीबाईने तिथेच बसून एका बाजूची शिवण उसवली आणि आणखी ताडपत्री मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक दारव्ह्याच्या रस्त्याला लागला तो टोपल्यांनी आणि बायकांनी भरून. मेथीवर अजून पाणी होतं. भावसिंग पुढे, रंजिताच्या शेजारी बसला होता. ट्रक खड्ड्यातून गेला की मागे सगळ्या एकदम गप्प व्हायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. मोरीचा मोठा खड्डाही बिनआवाज गेला, तेव्हा गंगीने केबिनच्या काचेवर टकटक केलं.

"काय वं रंजिता," ती म्हणाली, "आज एकही टायर फुटत नाही का?"