काशाचं भस्म

त्र्याहत्तर साली वच्छला होटगीहून दह्याची वाटी घेऊनच चन्नप्पा वैद्याच्या दारात आली. जंतावर म्हणून त्यानं दिलेल्या काशाच्या भस्मानं तिची विजू आठ दिवस ओकत होती.

"जेवायला आलीस की काय?" वैद्य हसला. रांगेतले रोगीही हसले.

"तुमीच म्हणला व्हता, भस्म कच्चं असलं की दही हिरवं पडतं. टाका चिमूटभर."

"कासं साठ वेळा भट्टीत भाजलंय, बाई! धुराएवढं बारीक हाय." वैद्य आत जाऊन बरणी घेऊन आला. त्यानं चिमूट अंगठ्यावर चोळली, तर भस्म रेघांत शिरून बसलं. उरलेलं त्यानं दह्यावर टाकलं.

तासभर वच्छलानं वाटीवरची नजर काढली नाही. दही पांढरं ते पांढरंच.

"देवमाणसावर संशय घेतीस? पाया पड!" रांग तिच्यावर भुंकली. वच्छला पाया पडली. वैद्य फळीवरची बरणी काढून विजूची पुढची पुडी बांधू लागला.

तेवढ्यात आतून वैद्याची बायको ओरडली, "अवं, आपल्या घरची बरणी भाईर कशाला नेली? लोकांची तितं फळीवर हाय की!"