बीळ रिकामं नाही

हेडलीची कुत्री फ्लॉस रिकाम्या बिळावरून ढुंकूनही न बघता पुढे जायची. आत ससा असला तरच पंजा उचलून गोठल्यासारखी उभी राहायची. मग हेडली बिळाच्या बाकीच्या तोंडांवर जाळी लावून मुंगसासारखं फेरेट आत सोडायचा आणि घाबरून पळणारा ससा जाळ्यात अडकायचा. आज धुक्यामुळे तो लवकर घरी परतला. बायको माहेरी जाते म्हणाली होती. तरी बंद दारासमोर फ्लॉसने पंजा उचलला. शिकारीतला जोडीदार कथबर्ट सकाळी म्हणाला होता, “कंबरेत उसण भरलीय गड्या, आज तूच जा!” त्याच्या विनोदांवर खिदळणारी बायको आठवून हेडली जळफळला. मागच्या दारावर जाळं बांधून त्याने खिडकीतून फेरेट सोडलं. बायको किंचाळली आणि कथबर्ट अनवाणी जाळ्यात कोसळला. “फ्लॉस, फाड त्याला!” फ्लॉस शेपटी हलवत गेली आणि रोजच्यासारखी त्याच्या खिशातलं बिस्कीट शोधू लागली. बायकोला हेडलीने एक वेळ माफ केलं असतं, पण फ्लॉसला?