भातावरची कीड

कुसाबाईने दुधात कुस्करलेल्या नागलीच्या भाकरीचं ताट पुढे सरकवलं. तिच्या नातीने, हर्षालीने, तोंड फिरवलं. कालपासून पोरीच्या पोटात घास नव्हता.

“आधी पुस्तक वाच.”

घरात पुस्तक एकच होतं. घोटीच्या बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेलं, पातळ, रंगीत चित्रांचं. हर्षालीची आई रोज जेवताना तेच वाचून दाखवायची आणि दोघी पोरी ताट पुसून मोकळ्या व्हायच्या. आई वारून आज सात दिवस झाले होते.

कुसाबाईने चष्मा लावला. साक्षरता वर्गाला बसून तिला सहाच महिने झाले होते. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती अक्षराला अक्षर जोडू लागली.

“भा...ताव...रील की...ड. खोड...किडा दिसताच फवा...रणी करावी.”

“फवारणी! फवारणी!” तीन वर्षांची तृप्ती टाळ्या पिटत ओरडली. हर्षालीने बहिणीच्या पाठीत धपाटा घातला.

“खोटं वाचती तू, आजी.”

“अगं, छापलंय तेच वाचते. हे बघ, की, ड.”

“कीड नाय. यात मामी हाय. आई वाचायची ना.”

कुसाबाईचं बोट ओळीवरच थांबलं. सून कधी शाळेत गेली नव्हती. तिचं ते वाचणं कुसाबाईने चुलीपाशी बसून रोज ऐकलं होतं, पण नुसता आवाज. वर “अक्षर येत नाय अन् वाचाया बसली,” असा टोमणाही मारला होता. मामी कोण, कुठली, याकडे तिने कधी कान दिला नव्हता.

“बरं बाई. एक होती मामी...” घास पुढे करत ती म्हणाली.

“तोंडचं नको. यातलं वाच.” पोरीचा आवाज खोल गेला होता. “तुला धरताच येत नाय. आईसारखं धर.”

तिने आजीच्या हातातलं पुस्तक ओढलं, उलटं फिरवलं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं.

ओळी डोक्यावर उभ्या राहिल्या. कुसाबाईला एक अक्षर लागेना. सहा महिने गिरवलेली सगळी अक्षरं परकी झाली. चित्रातला किडाही किडा राहिला नव्हता. त्याचे पाय वर जाऊन काटक्यांची मोळी झाले होते, आणि ती डोक्यावर घेतलेली एक बाई वाकून चढण चढत होती.

“कुठं चाललीय गं ही?” कुसाबाईने कसंबसं विचारलं.

“रोज येगळ्या गावाला जाते,” हर्षाली म्हणाली. “आज कुठं, ते आईला ठाऊक.”